एकेकानं वाचायचं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की आमच्या विरारच्या मनवेलपाड्यातली सकाळ बदलते. इमारतीच्या मागं शाळा आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालताना तिथल्या लहान वर्गांचं वाचन कानावर येतं. शब्द लागत नाहीत, चाल तेवढी कळते. प्रत्येक ओळीच्या शेवटी साऱ्या वर्गाचा आवाज वर चढतो आणि क्षणभर तिथंच लोंबकळतो. हवेत थंडी म्हणावी अशी नसते, पण रात्री पंखा एक घर कमी केलेला असतो. निर्मळहून येणाऱ्या भाजीवालीच्या टोपलीत वालपापडी दिसायला लागते. पापडीखाली एखाद-दुसरी सुकेळ्यांची जुडी असते. उन्हात वाळवलेली ती राजेळी केळी हातात घेतली, की त्यांचा आंबूस-गोड वास दिवसभर बोटांना राहतो. मला त्या वासासरशी एक वर्ग आठवतो. बंद केलेला पंखा आठवतो, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या फिलोमिनाबाई.

मी तेव्हा तालुक्याला मराठीची विषयतज्ज्ञ होते. नाव भारदस्त, काम साधं. शाळाशाळांतून जायचं, वर्गात मागं बसायचं आणि मुलांना वाचायला कसं शिकवतात ते बघायचं. सोबत निरीक्षणाचा तक्ता असायचा. शिक्षक स्वतः वाचून दाखवतात का, मुलांना पुरेसा वेळ देतात का, चुकलेल्या मुलाला कसं सावरतात, मुलांचं वाचन ओघवतं आहे का, असे त्यात रकाने. विरारहून स्कूटर काढायची, पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं आणि इमारती विरळ होत केळीच्या वाड्या सुरू झाल्या, की ओढणी गळ्याभोवती घट्ट करून घ्यायची. सकाळच्या त्या रस्त्यावर सायकलींच्या मागं फुलांची गाठोडी असत. एखादी पाकळी उडून हेल्मेटच्या काचेला चिकटायची.

मागं बसून वर्ग बघणं हे मोठं विचित्र काम आहे. आपण आत पाऊल टाकलं, की आपण बघायला आलेली गोष्ट बिचारी सावरून बसते. गुरुजींचा आवाज गोड होतो. एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलं पुस्तकात डोकं घालतात. एका शाळेत तर मला बघताच पहिलीच्या एका पोरानं शेजारणीला कोपरानं ढोसून सांगितलं होतं, "ए, आज मारणार नाहीत." हसूही आलं आणि वाईटही वाटलं. असल्या सावरलेल्या दृश्यामागचा खरा वर्ग शोधायचा, तोही कुणाचा पाणउतारा न करता. हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

शाळा बंद होत्या ती दोन वर्षं नुकतीच मागं पडली होती. दुसरीत बसलेल्या मुलांनी अंगणवाडी धड पाहिली नव्हती, पहिलीही अर्धीमुर्धी. जाईन तिथं एकच रड ऐकू यायची, पोरं वाचत नाहीत. म्हणून निर्मळजवळच्या त्या शाळेत गेले तेव्हा मी चकितच झाले. कौलारू छप्पर, तीन वर्ग, मागच्या भिंतीला टेकलेली केळीची वाडी, आणि तिथं वाळणाऱ्या सुकेळ्यांचा वर्गात येणारा वास. दुसरीचा वर्ग फिलोमिनाबाईंचा. त्या वसईजवळच्या पापडी गावच्या, नोकरीचं शेवटचं वर्ष. पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस. त्यांनी हात वर केला आणि सारा वर्ग एका सुरात वाचू लागला.

"सकाळ झाली. आजी अंगणात आली. तिने तुळशीला पाणी घातले."

एक आवाज मागं नाही, एक पुढं नाही. प्रत्येकाचं बोट ओळीवरून सरकत होतं. मी खूष होऊन तक्त्यावर खुणा करत गेले. ओघवतं? हो. स्पष्ट? हो. मग सहज शेजारी बघितलं. दीक्षा नावाची एक किडकिडीत मुलगी, दोन वेण्या, वेणीत अबोलीचा सुकलेला वळेसर. तिची आई वाड्यांवर फुलं ओवायला जायची. दीक्षाचं बोटही इतरांसारखंच झोकात सरकत होतं. फक्त तिचं पुस्तक पुढच्या पाठावर उघडलेलं होतं. बोटाखाली बाजार होता, भोपळे होते, आणि तोंडानं आजी तुळशीला पाणी घालत होती.

वाचन थांबल्यावर मी तिला पान उलटून दिलं आणि 'पाणी' या शब्दाखाली बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय गं?"

दीक्षानं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलू लागले. माझ्या लक्षात आलं, ती पाठाच्या सुरुवातीपासून निघाली होती. सकाळ झाली, आजी अंगणात आली... मनातल्या मनात शब्द टाकत टाकत ती माझ्या बोटापर्यंत चालत येत होती. वाटेत तिचा कुठंतरी पाय चुकला.

"तुळशीला," ती हळूच म्हणाली.

तिची ती एवढीशी धडपड बघून मला हसू फुटलं. समोरून बाई आमच्याकडंच बघत होत्या. दीक्षाचे ओठ हलले, माझ्या तोंडावर हसू आलं, आणि बाई कौतुकानं म्हणाल्या, "शाब्बास दीक्षा!"

मी खुणा करायची थांबले. आधी राग आला. मुलगी चुकली आणि बाई शाब्बास म्हणतात? नोकरीचे शेवटचे महिने कसेबसे ढकलताहेत झालं, असं वाटलं. बाई फळ्याकडं वळल्या आणि लिहू लागल्या. तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्यावरचं मोठं झाकण फरशीवर पडलं. असं दणाणलं की माझ्या हातातलं पेन उडालं. वर्ग दचकला, दोन-तीन मुलं "आई गं!" म्हणून ओरडली. बाई मात्र शांतपणे 'तुळस'मधला 'ळ' गिरवत होत्या. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

शाळा सुटल्यावर मी थांबले. रिकाम्या वर्गात बाईंच्या समोर, उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल अशी बसले. म्हटलं, "बाई, विचारू का? तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

त्या खडूची पेटी बंद करत होत्या. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"तुम्ही वाचन बघायला आलात ना, मॅडम? माझ्या कानाचा रकाना आहे का तुमच्या कागदात?"

"नाही."

"मग झालं तर."

मी उठले नाही. बाहेर वाडीत पंप सुरू झाला, पाटाचं पाणी केळींमधून वाहायला लागलं. तो आवाजही त्यांच्यापर्यंत पोचत नसणार, असं मनात आलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. बाईंनी पेटी कपाटात ठेवली, परत आल्या, आणि मग आपणहून बोलू लागल्या.

"कमी कमी होत गेलं, चार-पाच वर्षांत. पण माझं काही अडत नव्हतं. पोरांची तोंडं दिसायची ना. मग ते मास्क आले. सगळ्यांची तोंडं झाकली आणि मला कळलं, अरे, आपण तर डोळ्यांनी ऐकत होतो!" त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "एकेक पोर वाचायला उभं केलं, की काही कळायचं नाही. लहान पोरांचे आवाज केवढे असतात! सगळी मिळून वाचली की घुमल्यासारखं तरी ऐकू येतं. मग तसंच घेत गेले. तुम्हाला सांगते मॅडम, सगळी एकदम वाचतात ना, तेव्हा मला वाटतं वर्ग माझा आहे."

"मशीन नाही घेतलं?"

"लेकीनं आणून दिलंय. कपाटात आहे. ते लावलं की भांडी घासल्यासारखं होतं डोक्यात. आणि लोक काय म्हणतील? बहिरी बाई वाचायला शिकवते?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जानेवारीअखेर मी रिटायर होते. एवढे दिवस नीट जाऊ द्या माझे. एवढी वर्षं कुणी बोट दाखवलं नाही."

'जाऊ द्या' हे माझ्याही ओठांवर आलं होतं. समोर माझ्या आईच्या वयाची बाई होती. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता वसईभर बँकेत, दवाखान्यांत, दुकानांत बसलेली असतील. पण बोटापर्यंत चालत येणारी दीक्षा डोळ्यांपुढून हलेना.

"बाई," मी सावकाश म्हटलं, ओठ नीट दिसतील असं, "तुमचे शेवटचे दोन महिने आहेत, खरंय. पण दीक्षाची दुसरीसुद्धा एकदाच आहे."

 त्या उठून एकेक खिडकी लावत गेल्या. शेवटची खिडकी लावून झाल्यावरही माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी निघून आले.

परतीच्या वाटेवर स्वतःलाच बरंच काही ऐकवलं. असं तोंडावर बोलायला हवं होतं का? वर कळवावं का? कळवलं तर चौकशी, तपासणी, कागद. निवृत्तीच्या तोंडावर बाईंची शोभा व्हायची आणि दीक्षाला त्यातून एक अक्षरही मिळालं नसतं. मी वर्गात जे दिसलं ते लिहिलं. मुलं पाठ म्हणतात, वाचत नाहीत. स्वतंत्र वाचनाला वेळ मिळायला हवा. पुन्हा भेट देणार. एवढंच.

आता मागं वळून बघताना वाटतं, त्या हंगामात मी जेवढं बघायला शिकले तेवढं आधीच्या वर्षांत शिकले नव्हते. मुलाची चूक बघणं सोपं असतं. शिकवणाऱ्याची अडचण बघायला आपल्याला जागेवरून उठावं लागतं. आपण वर्गाच्या मागं बसतो, आणि वर्गाचं तोंड पुढं असतं.

पुन्हा गेले तेव्हा निर्मळची जत्रा होऊन गेली होती. रस्त्याच्या कडेला उसाची चिपाडं आणि फुटलेले फुगे पडलेले. शाळेच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि वाटलं, आज सुट्टी आहे की काय. दुसरीच्या वर्गातून आवाज नव्हता. आत बघितलं तर पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या. काही मुलं पाटीवर चित्रं काढत होती, काही अक्षरांचे पुठ्ठे जुळवत होती. बाई दाराकडं पाठ करून सतरंजीवर बसल्या होत्या आणि चार मुलं त्यांना खेटून बसली होती.

"येऊ का, बाई?" मी दारातून म्हटलं.

बाई वळल्या. माझ्याकडं न बघता, माझा आवाज ऐकून वळल्या. कानामागं त्वचेच्या रंगाचं ते लहानसं यंत्र होतं. माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज असा आहे होय? मला वाटलं होतं, जाड असेल."

 मी तिथंच सतरंजीवर बसले.

मधल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं. मी गेले त्या दिवशी घरी जाऊन त्या लेकीशी भांडल्या, जेवल्या नाहीत, आणि सकाळी यंत्र लावून शाळेत आल्या. पंख्याचा आवाज सोसवेना म्हणून पंखा बंद केला. मुलांना जवळ बोलावून यंत्र दाखवलं. म्हणाल्या, "बाईचे कान म्हातारे झालेत, हा चष्मा आहे कानांचा." मुलांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. एकानं फक्त विचारलं, "बाई, ह्याच्यात गाणी लागतात का?" मग त्यांनी प्रत्येकाला एकेकटं वाचायला बसवलं.

"निम्म्याहून जास्त पोरांना वाचता येत नाही, मेधा." पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. "शाळा सुटल्यावर घरी नाही गेले. पापडीला चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थनासुद्धा सुचेना. नुसती रडले." डब्यातली भाकरी त्यांनी तशीच धरून ठेवली होती. "मग म्हटलं, रडून कुणाला वाचता येतं? अजून ख्रिसमसही आला नाही. दिवस आहेत."

आणि दिवस होते खरंच. त्या थंडीत मी सवडीप्रमाणं तिथं जात राहिले, तपासायला कमी आणि शिकायला जास्त. बाईंनी सगळ्यांचं मिळून वाचणं बंद केलं. रोज चार-चार मुलं जवळ घ्यायच्या. आधी स्वतः वाचून दाखवायच्या, शब्दाखाली बोट धरून. मग मुलांच्याच तोंडची वाक्यं फळ्यावर लिहायच्या. 'आई अबोली ओवते.' 'आमची कोंबडी हरवली.' आपण बोललेलं फळ्यावर उमटतं, हे बघून मुलं खुळावून जायची. दीक्षानं 'अबोली' हा शब्द पहिल्यांदा फोडून वाचला तेव्हा तिनं हात वेणीवर नेला आणि फुलं चाचपून बघितली, जणू वाचलेलं खरं आहे का याची खात्री करत होती.

कानांना यंत्र आल्यावर बाईंना सगळंच ऐकू यायला लागलं, आणि त्याचा जाच मुलांना सुरू झाला. दीक्षानं एकदा वाचलं, "विहिरीत पानी हाय."

"पाणी आहे," बाई म्हणाल्या.

"पानी हाय."

"पाणी! ण, ण. बाणातला ण."

दीक्षाचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. "बाई, तिनं शब्द बरोबर ओळखलाय. बोटही बरोबर आहे. घरी पानीच म्हणतात ती माणसं. तिनं वाचलंय."

 बाई खुदकन हसल्या. "आमच्या घरी तरी कुठं पुस्तकातलं बोलायचे? मी पहिल्यांदा शाळेत तोंड उघडलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. महिनाभर मी बोललेच नव्हते." त्या उठल्या आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. "हे घरचं पानी, हे पुस्तकातलं पाणी. दोन्हींनी तहान भागते. पुस्तक वाचताना पुस्तकातलं म्हणायचा प्रयत्न करायचा, काय? पण नाही जमलं तर वाचायचं थांबायचं नाही."

हेडसर मात्र चिंतेत. मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय सांगितलंत बाईंना? वर्ग पार बसलाय हो. पूर्वी रस्त्यानं जाणारा माणूस थांबून ऐकायचा. आता एकेक पोर गाडी पंक्चर झाल्यासारखं वाचतं."

ते खोटं नव्हतं. माझ्या तक्त्यातही तसंच उतरत होतं. पहिल्या भेटीत 'ओघवतं' म्हणून केलेली खूण मला खोडावी लागली होती, आणि आता त्याच रकान्यात मी 'अडखळत' लिहीत होते. कार्यालयातून विचारणा झाली, ही शाळा घसरली कशी? मी म्हटलं, घसरली नाही, आता जमिनीला पाय लागलेत. साहेब म्हणाले, बघू. त्यांना दोष देत नाही. अडखळणाऱ्या वाचनाला ऐकणारा लागतो, आणि ऐकायला वेळ लागतो. खणखणीत वाचन लांबूनही ऐकू येतं. मूल एखाद्या शब्दापाशी अडतं तेव्हा आत काय चाललंय, हे मात्र जवळ बसल्याशिवाय कळत नाही.

नाताळच्या सुमारास वाड्यांमधल्या घराघरावर चांदण्या लागल्या. बाईंनी डबा भरून करंज्या दिल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी चर्चमध्ये गायनमंडळात आमची शेजारीण बेसूर गाते हे मला कळलं. इतकी वर्षं मी तिचं कौतुक करत होते!" आम्ही दोघी व्हरांड्यात हसत सुटलो. त्या हसण्यात मला जाणवलं, की जानेवारी संपू नये असं वाटणारी मी एकटीच नव्हते.

पण जानेवारी संपला. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाळेच्या अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, गावचे दोन पुढारी, आमचे साहेब, बाईंची लेक. भाषणं झाली. सगळ्यांनी बाईंच्या वर्गाच्या जुन्या खणखणीत वाचनाची आठवण काढली. बाई उठल्या तेव्हा म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. माझी पोरं वाचून दाखवतील." सकाळी वाटलेला एक कागद होता, बाईंनीच लिहिलेली एका मांजराची गोष्ट. त्याआधी ती कुणी पाहिली नव्हती. एकेकानं पुढं यायचं आणि एकेक ओळ वाचायची.

खुर्च्यांमध्ये चुळबूळ सुरू झाली. मुलं हळू वाचत होती. थांबत होती, मागं जात होती, पुन्हा येत होती. कुणी घड्याळ बघितलं, कुणाचा फोन वाजला. बाईंनी तिकडं असं बघितलं की तो लगेच बंद झाला. मग दीक्षा आली. तिची ओळ होती, 'मांजर झोपाळ्यावर बसून कोंबडीला हसलं.'

"मांजर..." दीक्षा म्हणाली. "मांजर... झोपा..."

खुर्च्या हसल्या. दीक्षाचे कान लाल झाले. बोट त्या शब्दावर घट्ट दाबलेलं.

"झोपा..."

पहिल्या रांगेतले एक पुढारी मायेनं पुढं वाकले. "झोपलं, बाळा! मांजर झोपलं!"

 काही महिन्यांपूर्वीची दीक्षा असती तर तेच म्हणून मोकळी झाली असती. हेडसरही काही सांगायला निघाले होते. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "तिला येतंय," त्या म्हणाल्या. "थांबा."

 बाई खुर्चीच्या कडेवर येऊन, मान दीक्षाकडं कलती करून बसल्या होत्या. दीक्षानं पुढाऱ्यांकडं बघितलं, मग कागदाकडं. मग मान हलवली.

"झोपलं नाय," ती त्यांना म्हणाली. "हितं ळ हाय."

कुणी हसलं नाही.

"झोपा... झोपाळ्... झोपाळ्यावर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीक्षा भांबावून बाईंकडं बघू लागली. बाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज रोजच्यासारखाच आला, वर्गातला.

"हं. पुढं वाच."

तिनं बोट पुढच्या शब्दाखाली नेलं.